‘शुद्ध कारल्याच्या’ चूर्णात मधुमेहाची गोळी निघाली

नाशिकमध्ये एका तपासणी शिबिरात ‘शुद्ध कारल्याचे चूर्ण’ म्हणून विकल्या गेलेल्या एका पुडीमुळे माझ्या आईच्या जिवावर बेतले होते. त्याच शिबिरातून तशाच पुड्या घेऊन गेलेली बरीच ज्येष्ठ मंडळी या शहरात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आईला टाइप टू मधुमेह असून ती अनेक वर्षांपासून मेटफॉर्मिन घेते. इंदिरानगरमधल्या एका सभागृहात साखरेची मोफत तपासणी असल्याचे कळल्यावर ती शेजारच्या काकूंबरोबर तिथे गेली. आलेल्यांना आधी चहा-पोहे देण्यात आले, थोड्या वेळाने बोटातून रक्त घेऊन साखर मोजली गेली, मग चूर्ण घातलेले पाणी पाजून आणि लांबलचक व्याख्यान ऐकवून ती पुन्हा मोजली गेली. खाल्ल्यानंतर चढलेली साखर काही वेळाने आपोआपच उतरू लागते. त्यामुळे बहुतेकांचा दुसरा आकडा कमी आला आणि त्याचे श्रेय चूर्णाला मिळाले. “काकू, कारले म्हणजे निसर्गाने दिलेले इन्सुलिन आहे. तीन महिने नेमाने घ्या, तुमची गोळी सुटेल,” असे तिथल्या गृहस्थांनी आईला सांगितले. साडेसात हजार रुपये रोख घेतले, बिल मात्र दिले नाही.

पुढे जे घडले ते अधिक गंभीर होते, कारण चूर्णाचा गुण खरोखरच दिसू लागला. आईची उपाशीपोटी साखर घरच्या ग्लुकोमीटरवर 160 च्या आसपास असायची, ती बघता बघता 90 च्या खाली आली. साहजिकच तिचा विश्वास बसला आणि ती नात्यातल्या इतरांनाही हे चूर्ण सुचवू लागली.

एके दिवशी पहाटे ती घामाने भिजलेली आढळली. हात थरथरत होते आणि बोलण्यात संगती नव्हती. ग्लुकोमीटरने 46 दाखवले. 70 च्या खालची साखर कमी मानली जाते, हे लक्षात घेतले तर प्रसंगाचे गांभीर्य कळेल. ती शुद्धीवर होती आणि तिला गिळता येत होते, म्हणून साखरपाणी देऊन तिला लगेच रुग्णालयात नेले. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर साखर वाढली, परंतु काही तासांनी ती पुन्हा घसरली, आणि डॉक्टरांना शंका आली ती इथेच. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर इतकी खाली जाणे क्वचितच घडते. सावरल्यावर ती पुन्हा घसरणे हे मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांमुळे होते, आणि तशी गोळी आईला कोणीही लिहून दिलेली नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून चूर्ण खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्यात याच गटातले ग्लिबेनक्लामाइड हे औषध सापडले.

हे औषध स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. त्याचा परिणाम बराच काळ टिकतो, त्यामुळे वृद्धांना आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. डॉक्टर ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पुडीतल्या कोणत्या चमच्यात ते किती आले, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नसते.

कारल्याचा यात काहीच दोष नाही, आमच्या घरी त्याची भाजी आजही आवडीने होते. त्यात कॅरँटिन, पॉलिपेप्टाइड-पी असे साखरेवर परिणाम करू शकणारे घटक आहेत. मात्र माणसांवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील चार आठवड्यांच्या चाचणीत रोज 2000 मिलिग्रॅम कारले घेणाऱ्यांना थोडा फरक जाणवला, पण तो रोज 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपेक्षा कमी होता. म्हणूनच एखादे चूर्ण गोळीलाही मागे टाकू लागले, तर आनंद मानण्याआधी ते तपासून घ्यावे असे मी कळकळीने सांगेन.

पाकिटावर अन्नपदार्थांचा चौदा अंकी परवाना क्रमांक होता आणि मधुमेहाचा उल्लेखही नव्हता; सगळी आश्वासने तोंडी होती. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ही खबरदारी जाणूनबुजून घेतली असावी, असे माझे मत आहे. दिलेला मोबाइल क्रमांक आता बंद आहे.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांच्या घरी अशी पुडी असेल त्यांनी ती घेणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ती बंद केल्यावर साखर एकदम वाढू शकते. चूर्णाच्या भरवशावर नेहमीची गोळी सोडली असेल तर तेही त्यांना स्पष्ट सांगावे. उरलेले चूर्ण फेकून न देता पाकिटासह जपून ठेवावे, तक्रारीत तोच पुरावा ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.