गुरांचा दवाखाना, पण कोंबडीलाही तेवढाच वेळ दिला

सकाळी खुराडं उघडलं तर आमची चांदी उठेचना. पंख टेकवून सरपटत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मानमोडी (कोंबड्यांची मान वाकडी करणारा राणीखेत रोग) आली, आता सुरी फिरवा." माझ्या जिवाला ते पटेना. पाटीत गोणपाट अंथरून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तळवे पाहिले, पोट हलक्या हाताने चाचपलं. जखम नाही, अंडं अडकलेलं नाही, मानही सरळ. रोज अंडं देते म्हटल्यावर म्हणाले, एका कवचातच साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर ते हाडांतून ओढलं जातं. पातळ कॅल्शियम चोचीच्या कडेला थेंबथेंब, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, आणि इतर कोंबड्यांपासून दूर ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी चांदी उभी राहिली! औषध मात्र बाहेरून आणावं लागलं. सकाळी लवकर जा, नंतर डॉक्टर गावोगाव फिरतीवर असतात.