ऑक्सबरो हॉल, नॉरफोक : खंदक छान, पण खरा ऐवज माळ्यावर

मुलगी केंब्रिजला असते, जावयाला गाडी चालवायची हौस, त्यामुळे तिकडे गेलो की जुनी घरं बघणं होतं. पुण्यात पेठांमधले वाडे दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. कुठेही गेलो तरी मान आधी वर जाते, कडीपाट कसा आहे ते बघायला. हा अभिप्राय त्या नजरेचा आहे. गालिचे आणि चांदीची भांडी बघायची असतील तर दुसऱ्या कुणाचा तरी वाचा.

ऑक्सबरो हॉल हे घर इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं, १४८२ सालचं. सर एडमंड बेडिंगफेल्ड यांनी चौथ्या एडवर्ड राजाची रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं. चारी बाजूंनी पाणी, मधे लाल विटांचा चौसोपी वाडा. नगरचा भुईकोट पाहिलेला माणूस हा खंदक बघून गालात हसेल. पण तो लढाईसाठी फारसा नव्हताच. इंग्लंडमध्ये अशा खंदकवाल्या जागा सुमारे ६,००० नोंदल्या गेल्यात, बहुतेक १२५० ते १३५० या काळातल्या. शत्रू अडवण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यावर छाप पाडणं हा त्यांचा मोठा उपयोग. ऑक्सबरो त्या मानाने उशिराचा, म्हणजे रुबाब तर आणखीच. दरवाज्याचे बुरूज सुमारे ८० फूट उंच, वर जंग्यांचा (मारा करायच्या भोकांचा) थाट, आणि त्याच भिंतीत मोठमोठ्या खिडक्या! वेढा पडेल अशी धास्ती असलेला माणूस असल्या खिडक्या ठेवेल का?

बुरुजातला गोल जिना मात्र हात लावून बघा. अख्खा विटांचा. वरचं छतही विटांचंच, फिरत फिरत वर चढत गेलेलं, आणि हात धरायला भिंतीतच खोबण ठेवून घडीव विटांचा कठडा बसवलाय. आमच्याकडच्या एखाद्या गवंड्याला हे दाखवलं तर तो दिवसभर तिथून हलणार नाही.

आता मुद्द्याचं. २०१६ मध्ये छपरातली एक खिडकी निसटून चौकात कोसळली. तपासणीत छप्परच दुखणाईत निघालं आणि नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू सांभाळणारी तिथली संस्था) ६० लाख पौंडांचं काम काढलं. त्यात माळ्यावरच्या फळ्या उचलल्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मॅट चॅम्पियन नावाचे पुरातत्त्वज्ञ तिथे एकटेच, तुळयांमधला कचरा बोटांनी चाचपत बसलेले. त्यात उंदरांची दोन बिळं निघाली. बिळं कसली, कापडाचं गोदाम! रेशीम, मखमल, साटीन, चामडं, लोकर असे २०० च्या वर तुकडे, काही थेट पहिल्या एलिझाबेथच्या काळातले. सोबत हाताने लिहिलेल्या संगीताच्या कागदांचे कपटे. वळचणीच्या राडारोड्यात एका कामगाराला पंधराव्या शतकातलं हस्तलिखिताचं पान मिळालं, जेमतेम ८ बाय १३ सेंटिमीटरचं. त्यावर बायबलमधलं ३९ वं स्तोत्र लॅटिनमध्ये, निळा रंग आणि सोन्याचा वर्ख अजून शाबूत. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा टेरीज कंपनीचा चॉकलेटचा खोका. खोका धड, चॉकलेट एकही नाही.

हे सगळं टिकलं कशामुळे? चुन्यामुळे. फळ्यांखाली चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर होता, त्याने कचऱ्यातली ओल ओढून घेतली. वाड्याच्या दुरुस्तीला सिमेंट लावा म्हणून हटून बसणाऱ्या मालकांना मी यापुढे हाच दाखला देणार आहे. आणि माळा साफ करताना सगळं घमेल्यात भरून खाली ओतू नका, एवढंही सांगणार आहे.

इंग्लंड प्रोटेस्टंट झालं तरी बेडिंगफेल्ड घराणं कॅथलिक राहिलं, म्हणून त्या लॅटिन स्तोत्राला वजन आहे. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणं म्हणजे गळ्याशी येणारं काम. तरी यांच्या बुरुजात धर्मगुरूला लपवायची खोबण आहे. वरचं झाकण जमिनीत असं मिसळलेलं की दाखवल्याशिवाय कळत नाही. गंमत अशी की हीच एलिझाबेथ राजकन्या असताना तिच्यावर पहारा ठेवायचं काम याच घराण्यातल्या सर हेन्रींकडे होतं.

मेरी, स्कॉटलंडची राणी, हिने एलिझाबेथच्या कैदेत केलेलं भरतकाम इथे आहे. बायको तिथेच रमली, मी पुढे गेलो. एकोणिसाव्या शतकात घराची बरीच सजावट झाली, त्यामुळे दालनांमधून फिरताना मध्ययुग शोधावं लागतं. शिवाय मूळचा मोठा दिवाणखाना १७७५ मध्येच पाडलाय. १९५१ मध्ये तर अख्खं घर विकलं गेलं होतं; घराण्यातल्या बायकांनी स्वतःची घरं विकून ते परत घेतलं आणि पुढच्या वर्षी ट्रस्टकडे सोपवलं.

जाण्याआधी माळ्यावरच्या शोधाबद्दल वाचून जा आणि दालनातल्या स्वयंसेवकांना त्याविषयीच विचारा. मी विचारल्यावर एक आजीबाई खुर्ची सोडून बोलायला उठल्या. गाडी नसेल तर पंचाईत आहे, गाव आडवळणी आहे. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी जिन्याचा मोह आवरावा. निघताना जवळच्या चर्चमध्येही डोकावा: १९४८ मध्ये मनोरा कोसळून त्याचं बरंचसं छप्पर गेलं, पण बेडिंगफेल्डांच्या समाध्यांचं दालन वाचलं. तिथलं भाजलेल्या मातीचं नक्षीकाम साधारण १५२५ चं आहे, आणि माझ्या मते हॉलमधल्या निम्म्या दालनांपेक्षा सरस.