मोठ्या हॉलसाठी स्पीकर घेताय? आधी पडद्यामागे बघा

आमचा सहकारनगरचा हॉल 24 बाय 16 फुटांचा, छत 10 फुटांवर आणि एका बाजूला जेवणाची जागा मोकळीच. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय. सवाई गंधर्वला रात्र रात्र बसलेल्या माणसाला घरीही डग्ग्याचा घुमारा हवा असतो. पुण्यातल्या एका शोरूममध्ये हे सगळं नीट सांगितलं होतं.

त्यांनी बसवलं ते जेमतेम 12 बाय 10 च्या, जाड पडदे लावलेल्या खोलीत, स्पीकरपासून सहा फुटांवर. पाच इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) छोट्या जोडीतून असा खर्ज आला की शेजारचे उंच टॉवर स्पीकर फिके वाटले. "काका, तुमच्या हॉलला हेच घ्या. खर्जासाठी वेगळा स्पीकर, सबवूफर, नको, 200 वॅटचे आहेत!" हेच त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवलं.

घरी आल्यावर डग्गा गायब. तबल्याची चाट ऐकू येई, घुमारा नाही. आवाज वाढवला की गाणाऱ्याचा गळा चिरका होई. फोन केला तर म्हणे, "महिनाभर वाजू द्या, मग खुलतील." बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची, म्हणजे हा सल्ला कशासाठी ते उघड आहे.

तेच रेकॉर्डिंग घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेलो. ऐकत असताना तिथल्या मुलाने मोबाइल चार्जिंगला लावायला कोपऱ्यातल्या बोर्डावरची एक पिन काढली आणि खर्ज बंद पडला! पडदा सरकवला तर मागे चांगला दहा इंची सबवूफर.

आकड्यांचे खेळही नंतर कळले. 200 वॅट म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती सहन करू शकतो एवढंच. तो किती मोठ्याने वाजेल हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर ठरावीक अंतरावर किती डेसिबल आवाज येतो ते. पत्रकावर 88 डेसिबल छापलं होतं, पण 2.83 व्होल्टला. आठ ओहमच्या स्पीकरला त्या व्होल्टेजवर एक वॅट जातो. हे चार ओहमचे, म्हणजे दोन वॅट. एका वॅटला हिशेब 85 वरच येतो. त्यात घरी बसायची जागा दुप्पट लांब. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल घटतात, खोलीत भिंतींमुळे थोडे कमी. आणि सहा डेसिबल भरून काढायला चौपट वॅट लागतात. "35 हर्ट्झपर्यंत" या खालच्या सुरांच्या दाव्यातही तिथे आवाज किती डेसिबल घसरतो, ते सांगितलेलं नव्हतं. उणे तीनवर की उणे दहावर, हे विचाराच. आणखी एक: जोडी बदलताना त्यांचा हात दर वेळी व्हॉल्यूमवर जात होता. किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं.

मालकांचं उत्तर, "डेमोला सबवूफर लावतातच, त्यात काय?" नशीब, "बिल नको, सूट देतो" याला मी बधलो नव्हतो. पक्कं बिल आणि तो मेसेज जोडून ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, हेही त्यांना पत्राने कळवलं. मग पैसे परत आले, पॅकिंगच्या नावाखाली काही रक्कम कापून. तिच्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे.