अलास्काचं पॅकेज : आधी डेनालीच्या रात्री मोजा

सात रात्री जहाजावर आणि चार-पाच रात्री जमिनीवर, असं अलास्काचं पॅकेज असतं. संभाजीनगर असो की नांदेड, टूरवाल्याच्या माहितीपत्रकात जहाजाचे फोटो पानभर आणि जमिनीचा भाग दोन ओळींत उरकलेला. आमचं मत उलटं आहे. जहाजं बहुतेक सगळी चांगलीच असतात. पैसे वसूल होतात की नाही ते जमिनीवर ठरतं, आणि त्यातही डेनाली नॅशनल पार्कपाशी किती रात्री दिल्यात त्यावर.

डेनाली हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, 6,190 मीटर. सरकारी कागदांत 2025 पासून त्याचं नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली झालंय, पार्कचं नाव मात्र डेनालीच आहे. उन्हाळ्यात शिखर बहुतेक वेळ ढगांतच असतं. तीन दिवसांत एकदा दिसलं तरी नशीब. एकच रात्र असेल तर संध्याकाळी पोहोचून सकाळी निघायचं, एवढंच होतं. दोन रात्रींत मधला अख्खा दिवस हाती येतो. तीन रात्री देणारं पॅकेज थोडं महाग असलं तरी तेच घ्यावं.

इथं एक फसगत होते. पार्कचं प्रवेशद्वार पार्क्स हायवेच्या मैल 237 ला आहे. ट्रॅपर क्रीकजवळच्या मैल 133 च्या लॉजलाही ‘डेनाली’च म्हटलं जातं. आभाळ मोकळं असेल तर तिथून शिखर सुरेख दिसतं, पण प्रवेशद्वार 104 मैलांवर राहतं. ‘डेनाली 2 रात्री’ म्हणजे एक इथं नि एक तिथं असेल, तर पार्कच्या वाट्याला एकच रात्र आली. लॉजचं नाव आणि मैल लिहूनच मागा.

पार्कातला रस्ता 92 मैलांचा आहे. खासगी गाडी मैल 15 पर्यंतच जाते, पुढे बस. ऑगस्ट 2021 मध्ये प्रिटी रॉक्सची दरड सरकली आणि बस मैल 43 वरून परत फिरू लागल्या. तिथं पुलाचं काम काढलंय, म्हणून बुकिंगआधी पार्कच्या वेबसाइटवर ताजी स्थिती बघा. पॅकेजात बहुधा छोटी ‘नॅचरल हिस्ट्री’ टूर धरलेली असते. वरचा फरक भरून पार्कात जास्त आत जाणारी ‘टुंड्रा वाइल्डरनेस’ टूर मागा. सगळ्या सहलीत हा खर्च सर्वांत सार्थकी लागतो. बसमध्ये कुणीतरी ‘स्टॉप’ म्हणून ओरडतं, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, खिडक्यांच्या काचा खाली येतात, आणि समोरच्या उतारावर सोनेरी पाठीचं अस्वल पंजानं मुळं उकरताना दिसतं. त्या दोन मिनिटांत बसमध्ये कुणी बोलत नाही. दुर्बीण माणशी एक न्या. एकीवर चौघांचं भागत नाही.

आधी जमीन, मग जहाज, हाच क्रम घ्या. भारताहून विमान उशिरा पोहोचलं तर लॉजची एक रात्र बुडेल, पण जहाज कुणासाठी थांबत नाही. शिवाय घड्याळ साडेतेरा तासांनी मागे जातं. जमिनीवर धावपळ असते: बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या, अँकरेजहून डेनालीची ट्रेन साडेसात-आठ तासांची. म्हणून औषधं, गरम कपडे आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत. आई-वडील सोबत असतील तर शेवटचे सात दिवस जहाजावर त्यांना खरी विश्रांती मिळते.

व्हिसाचं गणित बुकिंगआधीच सोडवा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसे लागतात. जहाज व्हँकुव्हरला संपत असेल तर हे उघडच आहे. पण सिएटलहून निघून सिएटललाच परतणारं जहाजसुद्धा कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतं, कारण अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यानं परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. अशा फेरीत अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. कॅनडाचा व्हिसा नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. आधी अमेरिकेचा काढा, मग कॅनडाचा.

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत बसणारा काळ म्हणजे 20 मे ते 10 जून. किनाऱ्यावर मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, जुलैपेक्षा दर कमी आणि डास वाढायच्या आत परत येता येतं. कोरडे म्हटलं तरी जहाजं थांबतात त्या केचिकॅन बंदराला वर्षाला 3,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मराठवाड्याच्या जवळपास पाचपट. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या.

ग्लेशियर बे असलेला मार्गच निवडा. तिथं दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. हिमनदीसमोर जहाज गोल फिरतं, त्यामुळे बाल्कनीची केबिन नाही घेतली तरी चालेल, वरच्या डेकवर जा. अलास्काचं आखात ओलांडताना जहाज हलतं; खालच्या मजल्यावरची मधली केबिन घ्या.

दरपत्रकात टिप्स, बंदराचे कर, वाय-फाय आणि बंदरावरच्या सहली धरल्यात का, ते एकेक करून विचारा. टिप्सच माणशी दिवसाला साधारण 16-20 डॉलर होतात नि आपोआप खात्यावर चढतात. टीसीएस (परदेशी पॅकेजवर टूरवाला आधीच घेतो तो आयकर) घेतला असेल तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या.

शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर सोय होते. लॉजवर मात्र सॅलड, ओट्स, व्हेज बर्गर यावरच भागवायचं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी जमिनीवरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवा, कारण जहाजावर घरचं चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. किटली आणि इस्त्री जहाजवाले काढून घेतात. तांदूळ आणि हरभरे बॅगेत अजिबात नकोत: खापरा किडीमुळे अमेरिकेत आपल्याकडून आणू देत नाहीत. विमानतळावर खाण्याचं काय काय आहे ते स्वतःहून सरळ सांगा, लपवलं तर दंड होतो.