अकरावी फिजिक्स क्लास, नौपाडा : पाचपैकी चार तारे

मुलगा अकरावी सायन्सला. लॉज ऑफ मोशनच्या टेस्टमध्ये वीसपैकी सहा. आधीच्या मोठ्या क्लासमध्ये साठ पोरं, आणि एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम, वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायचं चित्र. मग घंटाळीजवळच्या या क्लासला घातला. दोन जिने चढायचे, दारात चपलांचा ढीग, बॅचला बारा जण.

डेमोला मी मागच्या बाकावर बसले होते. तीस अंशांच्या उतारावरून घसरणारा पाच किलोचा ठोकळा. चिरंजीवांनी त्याच्याभोवती बाणांचं रान माजवलं: एमजी (म्हणजे वजन), त्याचे उताराच्या दिशेने आणि उताराला काटकोनात पाडलेले साइन-कॉसचे दोन तुकडे, नॉर्मल (पृष्ठभाग काटकोनात देतो तो रेटा), फ्रिक्शन म्हणजे घर्षण, वर आणखी एक एमए (वस्तुमान गुणिले त्वरण). सर चिडले नाहीत. एकेका बाणावर पेन ठेवून विचारत गेले, "हा कोण देतंय?" एमजी? पृथ्वी. नॉर्मल, फ्रिक्शन? उतार. साइनवाला? परत पृथ्वीच. "मग पृथ्वी दोनदा ओढते का रे?" तुकडे तुटक रेघांचे झाले. एमएला तर देणाराच सापडेना, कारण ते बल नव्हेच, सगळ्या बलांची बेरीज. तो बाण खोडला. एमजी ४९ न्यूटन आणि नॉर्मल जेमतेम ४२.४ निघाला, तेव्हा हा बघतच राहिला. नॉर्मल म्हणजे एमजीच, असं पाठ करून आला होता. मीही तेच धरून चालले होते, कॉमर्सवाली बाई!

पुढच्या आठवड्यात स्वारी आमचा जुना काट्याचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये. वर निघताना ५८ चा काटा क्षणभर ६१ कडे सरकला, मधे परत ५८, थांबताना खाली. वॉचमन म्हणाला, "एवढं काय वजन बघायचं सारखं?" पोरगा म्हणे, काटा वजन नाही, नॉर्मल दाखवतो. वॉचमनने मान डोलावली.

आता तक्रारी. साडेसातची बॅच कधीच वेळेवर सुटत नाही, पोरगं नऊच्या पुढे रिक्षा शोधत बसतं. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकी की थीटा (कोनाचं चिन्ह) आणि शून्य सारखेच दिसतात. स्कूटर लावायला जागा नाहीच. थर्मल, म्हणजे उष्णतेचा धडा, त्यांनी दोन तासांत उरकलं, तेही जरा घाईतच.

नाव घालायचं असेल तर कोऱ्या पानांची वही न्या. रेघांच्या वहीत उतार काढू देत नाहीत.