बर्फ-मिठाचा प्रयोग: बशी, दोरा की स्टीलचा गिलास?

सातवी-आठवीला बर्फ आणि मिठाचा प्रयोग दाखवायचा तर तीन प्रकार हाताशी आहेत. तिन्ही मी नागपुरातल्या वर्गात करून बघितलेत, एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या दमट हवेतही.

बशीचा सगळ्यात सोपा. दोन बशांत सारखे बर्फाचे तुकडे ठेवा, एकावर चमचाभर मीठ टाका आणि पाच मिनिटांनी दोन्हीतलं पाणी मोजपात्रात ओतून बघा. मिठाच्या बशीतलं जास्त भरतं. खर्च काहीच नाही. पण मुलं हमखास म्हणतात, "मॅडम, मीठ गरम असतं ना!" आणि त्यांना खोटं पाडेल असं त्या बशीत काहीच नसतं. त्यात एप्रिलमध्ये पारा 40 पार. साध्या बर्फाचंही बघता बघता पाणी होतं. एक बशी पंख्याखाली आली की मोजमाप गेलंच.

दोऱ्याचा पोरांचा लाडका. बर्फावर लोकरीचा ओला धागा ठेवायचा, चिमूटभर मीठ भुरभुरायचं, एक-दीड मिनिटाने उचलायचं. वितळलेलं पाणी परत गोठून धागा धरतं आणि बर्फ त्याच्यासोबत वर येतो. पहिल्यांदा मी हात सैल सोडून मीठ टाकलं. पाणी परत गोठलंच नाही, खारट धागा तेवढा वर आला आणि वर्ग खिदळला. जमला तर टाळ्या पडतात, पण नंतर कारण विचारलं की उत्तर येतं "जादू".

मी गिलास निवडेन. गोळेवाल्याकडून बर्फ आणा, फडक्यात गुंडाळून लाटण्याने कुटा. स्टीलच्या एका गिलासात नुसता बर्फ. दुसऱ्यात तीन भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ, नीट ढवळून. पहिल्याच्या बाहेर पाण्याचे थेंब येतात. दुसऱ्याच्या बाहेर बर्फाचा पांढरा थर धरतो, नखाने खरवडता येतो. जुलैत तो लवकर आणि जाड येतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत पातळच. तेव्हा गिलास ओल्या फडक्यावर ठेवा, फडकंच बुडाला गोठून चिकटतं. "मीठ गरम" म्हणणारा तिथेच गप्प होतो.

खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली, म्हणून बर्फ वितळतच राहतो. वितळायला ग्रॅममागे सुमारे 80 कॅलरी लागतात, त्या तो त्या मिश्रणातून आणि गिलासातूनच ओढतो. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ घालतात ते याचसाठी. मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकतं. वर्गात तेवढं गाठलं जात नाही, तरी उणे 10 पासून सुरू होणाऱ्या थर्मामीटरची पट्टी अपुरी पडू शकते. आणायचा तर उणे 20 च्या खालचं दाखवणारा आणा. ताप मोजायचा इथे चालत नाही.

हे मिश्रण मुलांच्या हातावर मुळीच देऊ नका. कातडी भाजल्यासारखी होते. थर धरेपर्यंत वेळ मिळतो, त्यात दोरा उरकून घ्या. मीठ मात्र तुम्हीच टाका.