फळांचा ज्यूस की बाटलीतलं सॅलड ड्रेसिंग? काही महिन्यांच्या वापरानंतर

तब्येतीच्या बाबतीत ज्यूसला फुकटचं कौतुक मिळतं आणि ड्रेसिंगला जरा जास्तच बोलणी बसतात. काही महिने दोन्ही नेमाने वापरून, दर नव्या बाटलीची मागची बाजू वाचून झालेलं हे मत आहे.

आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर ज्यूस सहज जिंकतो. संत्र्याच्या ज्यूसमध्ये १०० मिलीला साधारण ४५ कॅलरी. रँचसारख्या दाट पांढऱ्या ड्रेसिंगमध्ये तेवढ्याच मापाला चारशेच्या वर, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या तेलाच्या. पण १०० मिली ड्रेसिंग एका बैठकीत खातं कोण? ज्यूस मात्र ग्लास भरून पोटात जातो. २५० मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे ११० कॅलरी, दोन मोठे चमचे रँच म्हणजे सुमारे १३०. इथे सामना जवळपास बरोबरीत सुटतो.

आता साखर. त्या ग्लासात वीस-एकवीस ग्रॅम, म्हणजे पाच छोटे चमचे. द्राक्षांचा ज्यूस असेल तर पस्तीसच्या आसपास. पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत ज्यूसमधली नैसर्गिक साखरही मधासारखी ‘मुक्त साखर’च धरली आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ती ठेवा, ५ टक्क्यांखाली गेलात तर उत्तम, असं त्या सांगतात. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका ग्लासात बहुतेक कोटा खलास! मध्यम आकाराच्या संत्र्यात साखर बारा ग्रॅमच्या आसपास असते, पण सोबत तीनेक ग्रॅम तंतूही असतात आणि ते चावून खावं लागतं. ज्यूसमध्ये तंतू नावापुरते. सकाळी ग्लासभर पिऊन तासाभरात पुन्हा भूक लागायची, हा माझा कायमचा अनुभव.

ज्यूसची जमेची बाजू म्हणजे क जीवनसत्त्व. संत्र्याच्या एका ग्लासात दिवसाची गरज जवळपास भागते, वर चारशेच्या पुढे मिलिग्रॅम पोटॅशियम. सफरचंदाच्या ज्यूसकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. वरून घातलेलं नसेल तर त्यात क जीवनसत्त्व जेमतेमच असतं.

ड्रेसिंगचं खरं दुखणं तेल नाही, मीठ आहे. दोन चमच्यांत साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम सोडियम, आणि दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. त्यात बाटलीचं तोंड रुंद. मी एकदा नेहमीच्या हाताने ओतलं आणि मग चमच्याने मोजलं, तर दोनाच्या जागी चार भरले. वाडग्याच्या तळाशी पांढरं तळं साचतं ते यामुळेच. तेव्हापासून चमचा मध्ये आणला. चव तसूभरही कमी झाली नाही.

तेलाचा उपयोगही आहे. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतली कॅरोटिनॉइड्स (पिवळी-केशरी-लाल रंगद्रव्यं) आणि ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषली जातात. म्हणून ‘फॅट-फ्री’ ड्रेसिंगचं मला मुळीच कौतुक नाही. तेल काढल्यावर दाटपणा आणि चव आणायला स्टार्च, झँथन गम आणि बऱ्याचदा साखर येते. मी आणलेल्या एका बाटलीत घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच साखरच होती, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. ती बाटली संपवायला जिवावर आलं. चव म्हणाल तर गोड गोंद.

माझ्या हिशेबात ज्यूसच्या ग्लासाने पोट भरत नाही. दोन चमचे ड्रेसिंगमुळे मात्र वाडगाभर कच्ची भाजी खाल्ली जाते, जी एरवी कोरडी कोण खाणार? त्यामुळे ज्यूस आता छोट्या ग्लासात, तोही संत्र्याचाच, १०० टक्के असं स्पष्ट लिहिलेला. ‘नेक्टर’ किंवा ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेलं पाकीट मी परत ठेवतो. ड्रेसिंगमध्ये तेल आणि व्हिनेगरचं साधं विनेग्रेट. बाटली थोडा वेळ उभी राहिली की त्यात तेल वर येतं, ती हलवून घ्यावी लागते. रँच अजून आहे, पण मागच्या रांगेत.